सहा वर्षे पूर्ण

ढाकळवाडीत निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही, सगळा हात मास्तरांचा. जूनमध्ये शाळा उघडायची, पहिलीला पोर सहा वर्षांचं लागायचं आणि जन्माची नोंद कुणी केलेली असेल तर शपथ. मग डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का एवढं बघायचं आणि एक जून लिहून मोकळं व्हायचं. पुढं अंगणवाडी आली, तिथल्या वजनाच्या वहीत खऱ्या तारखा पडायला लागल्या, तरी शाळेतला एक जून काही हलला नाही. फरक एवढाच, की आता 'सहा वर्षे पूर्ण' अशी अंगणवाडीच्या ताईची चिठ्ठी जोडायची.

त्या ताई म्हणजे दैवशालाबाई. तीर्थपुरीपासून आठ किलोमीटरवरच्या या गावात त्या सून म्हणून आल्या आणि बावीस वर्षं एकाच खोलीत गावची लेकरं तोलत राहिल्या. गावातलं पंचविशीच्या आतलं एकही माणूस नसेल, जे त्यांच्या वजनकाट्यावर रडलं नाही. बाई तोंडानं फटकळ. लेकराला नुसती शिंक आली तरी आईला दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढचं बोलायच्या नाहीत. पण कुणाचं लेकरू किती दिवसांपासून नीट जेवत नाही, हे त्याच्या बापाआधी त्यांना कळायचं.

२०१२ च्या जूनमध्ये मुख्याध्यापक अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. पहिलीचा पट दोन पोरांनी कमी पडत होता, आणि पट पडला की गावातला एक शिक्षक उचलला जाणार होता.

"ताई, मच्छिंद्रची धाकली द्या की," ते म्हणाले.

"साडेचार वर्षाची हाय ती, सर. नाक पुसता येत न्हाई तिला बराबर."

"शाळेत पुसू. तुम्ही फक्त चिठ्ठी द्या."

ही धाकली म्हणजे मोनाली. तिची आई कांताबाई रोज खुरपायला जायची. अंगणवाडी दुपारी सुटायची, शाळा पाचला. पोर पाचपर्यंत सांभाळली जाते म्हटल्यावर तिला तर देव पावला. दैवशालाबाईंनी चिठ्ठी लिहिली, खाली सही ठोकली. शाळेच्या दाखल्यात मोनालीचा जन्म एक जून २००६ ला झाला. खरा झाला होता अकरा डिसेंबर २००७ ला, परतूरकडच्या आजोळी, घरातच. गावाचा शिक्षक वाचला, आईची सोय झाली, पोर शाळेत गेली. यात कुणाचं काय वाईट झालं, असं विचारलं असतं तर गावानं विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

पोरींचा फुटबॉल गावात आला तो २०१७ साली. त्या वर्षी पोरांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात व्हायची होती, म्हणून शाळाशाळांत चेंडू आले. एक दिवस सगळ्यांनी लाथा मारल्या, फोटो काढले, फोटो वर पाठवले. दुसऱ्या दिवशी पोरं आपली बॅट घेऊन क्रिकेटला गेली आणि चेंडू पटांगणात पडून राहिला. पोरींच्या वाट्याला खेळ आला तो असा, उरलेला म्हणून.

रामप्रसाद सर इतिहास शिकवायचे. त्यांनी स्वतः जन्मात फुटबॉल खेळलेला नव्हता, पण माणूस हौशी. मोबाइलवर बघून बघून ते पोरींना शिकवायला लागले. चेंडू ठेवायचा कुठं, तर अंगणवाडीच्या कपाटात, पोषण आहाराच्या पाकिटांशेजारी. आणि पोरींना स्पर्धेला न्यायचं तर सोबत बाईमाणूस हवं. शाळेत एकही बाई शिक्षिका नाही. तेव्हा दैवशालाबाई कागदावर संघाच्या मॅनेजर झाल्या. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाची पाळी आली आहे, कुणी सकाळपासून काही खाल्लं नाही, एसटीत कुणाच्या शेजारी कोण बसलंय, हे मात्र सगळं कळायचं.

पहिल्या वर्षी तालुक्यात मुलींचा दुसरा संघच नव्हता. पोरी घनसावंगीला गेल्या, मैदानावर उभ्या राहिल्या, पंचांनी शिट्टी वाजवली आणि न खेळताच त्या विजयी झाल्या. गावात पेढे वाटले. मग जालन्याला जिल्ह्याच्या सामन्यात नऊ गोल खाऊन परत आल्या. अकरा पोरींपैकी चौघींच्याच पायात बूट होते, तेही भावांचे.

परतीच्या एसटीत पोरी मुसमुसत होत्या तेव्हा सरांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. फुटबॉल जिथं जन्मला त्या इंग्लंडात शंभर वर्षांपूर्वी बायकांचे सामने बघायला पन्नास पन्नास हजार माणूस जमायचं. मग तिथल्या मोठ्या लोकांनी बैठक घेतली आणि लिहून टाकलं, की हा खेळ बायकांना बरा नाही. क्लबांची मैदानं त्यांना बंद. ती बंदी पन्नास वर्षं टिकली.

"कुणी मोडली न्हाई?" मोनालीनं विचारलं. ती तेव्हा दहाचीही नव्हती, सहावीत होती आणि संघात सगळ्यांत बुटकी.

"कागद होता ना," सर म्हणाले.

"कागदाला काय भ्यायचं!" दैवशालाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. बोलायला काय जातं.

पुढच्या पाच-सहा वर्षांत, मधली कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, खेळ वाढत गेला. तालुक्यात तीन संघ झाले, मग पाच. पोरी लेगिंगवर चड्डी घालून खेळायच्या, त्यावरून पारावर बोलणी झाली आणि थांबलीही. मोनाली शाळा संपवून तीर्थपुरीच्या कॉलेजात गेली, पण सकाळचा सराव गावच्याच पटांगणावर. उंची वाढली, डावा पाय असा तयार झाला की समोरची पोरगी चेंडू शोधत राहायची. २०२३ च्या ऑगस्टात बायकांच्या वर्ल्डकपची फायनल झाली. रविवारची दुपार होती. अंगणवाडीत सरांच्या मोबाइलभोवती पंधरा पोरी एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या. मोनाली एकटी मागं भिंतीला टेकून बघत होती. बाईंनी मुलींची तोंडं आयुष्यभर वाचली होती. ही पोरगी आता गावात मावणार नाही, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

ऑक्टोबरात संभाजीनगरला एका निवासी अकादमीची चाचणी होती. तीनशे पोरींतून नऊ घेणार, राहणं, शिक्षण, खेळ सगळं तिथंच. मोनाली नवांत आली. बाई सोबत होत्याच. यादीत नाव वाचून त्यांनी मैदानावरच पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडायला लागल्या.

घरी तिचा बाप मच्छिंद्र शांतपणे म्हणाला, "घेतली तर जाऊ द्या, ताई. म्या आडवा येणार न्हाई. पर न्हाई जमलं तर मंग पुढच्या जूनमधी उरकून टाकायचं. मंठ्याचं स्थळ दोनदा येऊन गेलं. कागदाला अठरा होतेतच तवा."

म्हणजे पोरीसमोर दोनच दारं होती. अकादमी, नाहीतर मंठा.

अकादमीची अट होती, की जन्म २००७ किंवा त्यानंतरचा हवा. दाखल्यात २००६. कागद बघणाऱ्या माणसानं फॉर्म परत दिला. रामप्रसाद सरांनी फोनवर गयावया केली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, की तारीख दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेनं वर पाठवलाय, याची पोच वीस तारखेच्या आत आणा, जागा धरून ठेवतो.

सर धावत अंगणवाडीत आले. बाईंनी पत्र्याची पेटी उघडली. २००८ ची वजनाची वही वाळवीनं कडेला खाल्लेली होती, पण आतलं पान शाबूत. 'मोनाली, ११-१२-२००७, वजन...' अक्षर त्यांचंच. दोघं वही घेऊन शाळेत गेले. जुने मुख्याध्यापक कधीच निवृत्त झालेले. नव्या साहेबांनी वही बघितली, मग दाखल्याची फाइल काढून त्यातली चिठ्ठी समोर ठेवली.

"ताई, हीबी तुमची सही अन् तीबी तुमचीच. म्या खरी कोणती धरू?"

"वहीतली, साहेब."

"मंग तसं लिहून द्या. की ही चिठ्ठी खोटी हाय, म्या दिल्ती. आज द्या, आजच प्रस्ताव पाठवतो."

त्या दिवशी दहा तारीख होती. बाईंनी पेन हातात घेतला. आणि मग म्हणाल्या, "उद्या देते."

घरी नवरा सोमेश्वर ऐकून उभाच राहिला. "डोकं ठिकाणावर हाय का? खोटी चिठ्ठी दिली म्हणून स्वतःच्या हातानं लिहून देणार? उद्या तुला काढून टाकतील. अन् एकट्या मोनालीला दिल्ती का तू? वीस-पंचवीस लेकरांना दिल्ती. सगळ्या निघतेन बाहेर."

ते खोटं नव्हतं. बाई दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं. चौथ्या दिवशी वाटलं, सर दुसरा काही मार्ग काढतील. रोज सकाळी पटांगणावर मोनाली एकटीच धावताना दिसायची आणि बाई अंगणवाडीचं दार आतून लावून घ्यायच्या. पोरीनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर फार वाटलं.

आठ दिवसांनी त्यांना स्वतःचीच किळस आली. त्या शाळेत गेल्या तर साहेब प्रशिक्षणाला जालन्याला, सोमवारी येणार. वीस तारीख शुक्रवारीच निघून गेली. सोमवारी बाईंनी कबुली लिहून दिली, साहेबांनी प्रस्ताव पाठवला, सरांनी पोच घेतली. अकादमीतून उत्तर आलं, जागा दुसरीला दिली गेली.

कबुलीचा परिणाम लगेच झाला. महिन्याभरात बाईंना नोटीस आली, खुलासा द्या. तारीख दुरुस्तीचा प्रस्ताव मात्र वर गेला तो वरच राहिला. सर चार वेळा जालन्याला जाऊन आले. साहेब रजेवर, फाइल दुसऱ्या टेबलावर, अमुक कागद कमी. जूनची एक तारीख आली आणि मोनाली, खरी साडेसोळा वर्षांची, कागदावर अठरा पूर्ण झाली.

लग्न महिन्याच्या शेवटी धरलं. बाई मच्छिंद्रच्या दारात जाऊन बसल्या, भांडल्या, पाया पडल्या. तो बिलकुल चिडला नाही. "तुम्हीच लिहिलंय, ताई. म्या अडाणी माणूस, शाळेचा कागद खरा धरतो."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः १०९८ ला, लेकरांच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन लावला. सोमेश्वरसमोर लावला. त्यानंही अडवलं नाही.

दुपारी मंडपात ग्रामसेवक आले, सोबत दोन पोलीस. बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची, आणि त्यांना मदतनीस म्हणून नेमलेली असते अंगणवाडीची ताई. म्हणजे तक्रार करणारीही दैवशालाबाईच आणि चौकशीत सही करणारीही त्याच. वाजंत्री थांबली. मच्छिंद्रनं दाखला पुढं केला. बाईंनी वजनाची वही पुढं केली.

"नाव काय पोरी? वय किती?" ग्रामसेवकांनी विचारलं.

मोनाली हळदीच्या अंगानं उभी होती. तिनं बापाकडं बघितलं नाही. "अकरा डिसेंबर दोन हजार सात," ती मोठ्यानं म्हणाली. "सोळा."

मंडपात कुजबुज झाली. ग्रामसेवक तसे भले माणूस. त्यांनी वही दोनदा चाळली, कपाळ पुसलं. "ताई, मलाबी समजून राह्यलं. पर शाळेचा दाखला रद्द होईस्तोर तोच चालतो. वहीवरून म्या लग्न थांबवलं अन् उद्या हे कोर्टात गेले, तर म्या काय दाखवू?"

त्यांनी पंचनामा लिहिला. दाखल्याप्रमाणे वधूचे वय अठरा वर्षे पूर्ण, तक्रारीत तथ्य आढळले नाही. कागद बाईंसमोर धरला.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "यावर म्या सही करणार न्हाई. काय करायचं ते करा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सही नाकारली होती. ग्रामसेवकांनी वाद घातला नाही. कागद मांडीवर घेतला आणि बाईंच्या नावापुढं लिहिलं, गैरहजर. मग पोलिसांना घेऊन निघून गेले.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. कांताबाई पदर तोंडाला लावून घरात गेली. बायका मोनालीला आत न्यायला लागल्या, तेव्हा ती त्यांचा हात सोडवून बाईंजवळ आली. तक्रार केली म्हणून ती हात धरेल, गळ्यात पडेल, अशी एक वेडी आशा बाईंना वाटली.

"ताई," तिनं हळू आवाजात विचारलं, "तवा ते आठ दिवस का लावले?"

दैवशालाबाईंना कधी शब्द कमी पडले नव्हते. नोकरी, नवरा, बाकीची लेकरं, सगळी कारणं जिभेवर आली आणि सगळी लाज वाटावी इतकी छोटी होती.

"भ्याले गं," त्या म्हणाल्या.

मोनालीनं मान हलवली.

"मलाबी लई भ्या वाटून राह्यलंय, ताई," ती म्हणाली आणि बायकांबरोबर आत गेली.