बाकीचं तुह्या कामाचं नाही

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी शाळेत आठवीचा तास घेत होते. वाशीमच्या दवाखान्यात काही दिवस काढले आणि त्यांना मालेगावला माझ्या घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू परत येईल. बोलणं परत आलं, पण मराठी आली नाही.

बाबांनी सारी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली. आम्ही बंजारा. बाबांचा जन्म मालेगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या तांड्यावरचा, पण आमच्या घरात गोरमाटी बोलायला बंदी होती. आई कधी विसरून आम्हाला त्या बोलीत जेवायला हाक मारायची, तर बाबा हातातला पेपर खाली ठेवून नुसतं तिच्याकडे बघायचे. आई लगेच मराठीवर यायची. आडनाव आमचं असं की मराठ्यांतही खपून जातं. बाबांनी मला आणि भावाला सांगून ठेवलं होतं, "कोणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. पण विचारल्याशिवाय सांगायचंही नाही." मी हेच करत पन्नाशीला आले.

आणि आता तेच बाबा दिवसभर गोरमाटीत बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. 'याडी' म्हणजे आई, 'बाटी' म्हणजे भाकरी, असे दोन-तीन शब्द एवढंच माझं भांडवल. समजावून सांगायला आईही आता नव्हती. ते काहीतरी मागायचे, मी पाणी द्यायची. ते मान हलवायचे, मी उशी सरकवायची. ते ओरडायचे, मग मीही ओरडायची, "बाबा, मराठीत बोला ना!" एकदा त्यांनी डाव्या हाताने वरणाची वाटी लोटून दिली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "कोर." हा शब्द मला माहीत होता. कोर म्हणजे बाहेरचा, आपल्यातला नाही तो. मी फरशीवरचं वरण पुसत बसले आणि मला इतका राग आला की फडकं बादलीत आपटलं. मला कोर केलं कोणी?

भावाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "मोबाईलवर एखादं अ‍ॅप असेल, बघ ना." मी फोन ठेवला.

शेवटी तांड्यावर गेले, आत्याला आणायला. आत्या बाबांची धाकटी बहीण. माझ्या लग्नाला ती आली नव्हती. बाबांनी निरोप धाडला होता, साडी नेसून ये. आत्या आरशांची चोळी, घेरदार घागरा आणि कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालते, तेव्हाही घालायची. तिने उलट निरोप पाठवला होता की मग मी येतच नाही. एवढ्या वर्षांनी मी दारात उभी राहिले तर तिने विचारलं, "काहून आली वं?"

"बाबांचं बोलणं कळत नाही."

"कायले कळंल?" ती म्हणाली. मग आत जाऊन पिशवी भरून आली.

आत्याला बघताच बाबा रडायला लागले. मग बोलत सुटले, थांबेचनात. आत्या त्यांचा हात धरून हूं हूं करत होती. मी विचारलं, "काय म्हणतात?"

"पाणी मागून राह्यला."

"एवढा वेळ पाणी मागत होते?"

"बाकीचं तुह्या कामाचं नाही," आत्या म्हणाली.

पुढे महिनाभर हेच चाललं. बाबा तासभर बोलायचे आणि आत्या मला तीन शब्दांत सांगायची. पाय दुखतात. चहा पाह्यजे. खिडकी लाव. माझ्याच घरात, माझ्याच बापाचं बोलणं मला शिळं, उरलंसुरलं मिळत होतं. मी चिडून म्हणाले, "आत्या, मला सगळं सांग. मी त्यांची मुलगी आहे."

"तो तुह्याशी बोलूनच नाही राह्यला, तं काय सांगू?"

"मग कोणाशी बोलतात?"

तिने बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मले याडी समजून राह्यला. आमच्या आईशी बोलते तो."

मग तिने सांगितलं. बाबा लहानपणी शेलूबाजारकडच्या एका शाळेत वसतिगृहात राहत. एका गुरुजींचं घड्याळ हरवलं. तांड्यावरच्या पोरांना रांगेत उभं केलं आणि फक्त त्यांच्याच पेट्या अंगणात उलट्या केल्या. घड्याळ दुसऱ्या दिवशी गुरुजींच्याच दुसऱ्या सदऱ्यात सापडलं. पोरांनी आपापल्या पेट्या भरून घेतल्या. आजीला कळलं तेव्हा ती जाब विचारायला चालत शाळेत गेली, आपल्या घागऱ्यात, आपल्या बोलीत. पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करून हसायला लागली. बाबा विहिरीमागे लपले आणि ती हाका मारत असताना बाहेर आले नाहीत. ती तशीच परत गेली.

"त्याचीच माफी मागून राह्यला," आत्या म्हणाली. "रोज."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी म्हनतो, जाऊ दे, जेवून घे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण आधी चीड आली. कोणाची वस्तू पडलेली दिसली तर हात लावायचा नाही, लांबूनच हाक मारायची, ही बाबांची शिकवण. आजही शिक्षकांच्या खोलीत टेबलावर कोणाची पर्स असेल आणि खोलीत दुसरं कोणी नसेल, तर मी व्हरांड्यात जाऊन उभी राहते. मला वाटायचं, हा आमच्या घरचा प्रामाणिकपणा. मोठ्या तोऱ्याने मी शाळेतल्या मुलांनाही तो शिकवला. ती भीती होती हे मला कोणी सांगितलं नाही. बाबांनी कारण स्वतःजवळ ठेवलं आणि धाक तेवढा आम्हाला दिला.

त्याच आठवड्यात शाळेत हजेरीचा विषय निघाला. वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. एक सहकारी बाई चहा ओतताना म्हणाल्या, "तांड्यावरच्यांना शिकवून काय उपयोग? त्यांच्या रक्तातच नाही ते." असं मी याआधीही ऐकलं होतं आणि दर वेळी वह्या तपासत बसले होते. या वेळी म्हणाले, "मी तांड्यावरचीच आहे." माझा आवाज चढला होता.

त्या गोंधळल्या. मग हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमचं वेगळं. तुम्ही तशा वाटतच नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि मला क्षणभर बरं वाटलं. तेच मला अजून सहन होत नाही. त्या बाईंचा राग दोन दिवसांत गेला, स्वतःचा गेला नाही.

तूर काढायला आली तशी आत्या निघाली. मी म्हटलं, मला बोली शिकव. तिने जायच्या आधी पाच-सहा दिवस शिकवली. मी वहीत लिहून घ्यायची, ती म्हणायची, "लिवून कायले येते, बोल ना." माझी जीभ वळेना. बेचाळीस शब्द झाले आणि तिची जीप आली.

आता बाबांना मराठीतले 'चहा', 'नको' आणि 'बस' परत आले आहेत. परवा संध्याकाळी शाळेतलं ते सगळं मी त्यांना मराठीत सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग बराच वेळ बोलले, आत्याशी बोलायचे तसे नाही, माझ्याकडे बघून. त्यातले मला दोन शब्द कळले, याडी आणि कोर. मी धावत जाऊन आत्याला फोन लावला.

"काय म्हनला?" तिने विचारलं.

"तेच तर कळलं नाही. आता डोळे मिटून पडलेत."

"मंग विचार ना पुन्हा."

"विचारता येत नाही, आत्या."

तिने फोनवरच मला 'काय म्हणालात' हा प्रश्न गोरमाटीत सांगितला. मी तो तीनदा घोकला आणि बाबांसमोर म्हटला. माझे उच्चार ऐकून ते हसायला लागले, आजारपणानंतर पहिल्यांदाच, खांदा हलेपर्यंत. फोनमधून आत्याही हसत होती. मी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. बाबांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड केलं.