अण्णांच्या फोनमधली माणसं

केज तालुक्यात ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे आणि ज्याचं सॉफ्टवेअर आमच्या दाजींनी एकदा तरी बदललेलं नाही, असा माणूस मला दाखवा. तो नक्की दाजींना टाळून दुसऱ्या रस्त्यानं जात असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं पिढीजात दुकान. पण गिऱ्हाईक पातेल्याला टिचकी मारून बघेपर्यंत यांनी त्याचा फोन हातात घेतलेला असायचा. "लई जुनं व्हर्जन हाय बे. नवं मारून देतो." फोन चांगला चालतोय, हीच त्यांच्या लेखी तक्रार.

स्वस्थ बसणं त्यांना कधी जमलंच नाही. जेवताना ताटावरून उठायचे, एसटीत जागा बदलत राहायचे, सासुरवाडीला आले तर मोटारसायकल चालू ठेवूनच चहा मागायचे. मात्र या चळवळ्या माणसाची एक शिस्त होती: काहीही मोडायच्या आधी बॅकअप. ती फोनपुरती राहिली नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी स्वतःच्या डोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढायचे. बिघडलं तर होतं तसं परत आणता यावं म्हणून. ताईनं मांडणीवरची भांडी घासायला काढली की आधी मांडणीचा फोटो. ताई म्हणायची, "लग्नाआधी माझा बी बॅकअप घेतला असंल ह्यांनी." दाजी गंभीरपणे सांगायचे, "तवा साधा फोन होता." घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते मी लपवत नाही. मला बघितलं की विचारायचे, "काय पदवीधर, किती जीबीचं झालं शिक्षण?"

माझे वडील, अण्णा, युसूफ वडगावजवळ शेतातल्या घरात एकटेच राहायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरी दाजींनी त्यांना स्मार्टफोन दिला आणि प्रत्येक नंबरावर अण्णांना विचारून एकेक चित्र बसवलं. जनावरांचा डॉक्टर म्हणजे आमची गाय, जीपवाला म्हणजे जीपचा फुटका दिवा, मी म्हणजे पदवीच्या झग्यातला मी. अण्णा चित्र दाबायचे आणि बोलायचे. दिवेलागणीला ताईला त्यांचा फोन ठरलेला.

एका रविवारी दाजींना त्या फोनचं सॉफ्टवेअरही सोसवेना. शिस्तीप्रमाणे सगळे नंबर सिमकार्डावर उतरवले, फोन कोरा केला, नवं सॉफ्टवेअर मारलं, नंबर परत भरले. एकही नाव गळलं नाही म्हणून खुशीत निघून गेले. सिमकार्डावर नाव आणि नंबर मावतो, चित्र मावत नाही. फोनमध्ये उरले नुसते करडे गोल.

त्या दिवसापासून ताईला अण्णांचा फोन येईना, आणि तिनं केला तर "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचे. मी जाऊन बघतो तर गायीची कास सुजलेली. म्हटलं, डॉक्टरला कावून न्हाई बोलावलं? अण्णा म्हणाले, "समदे गोल सारखेच. कोनाला दाबू?" शेजाऱ्याकडून फोन लावून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी डॉक्टरला बोलावलं आणि मग दाजींना कळवलं. "नावं तर आली की समदी," ते म्हणाले, आणि चित्रांचं ध्यानात येताच तिकडं गाडीला किक बसली.

अर्ध्या तासात हजर. आल्या आल्या त्यांनी गाडी बंद केली. मी चाट पडलो. जुनी चित्रं कुठंच शिल्लक नव्हती. अण्णांच्या समोर मांडी घालून ते एकेक नाव वाचू लागले.

"मामा, जीपवाल्याला काय लावू?"

"लई वाट बघायला लावतो. त्या बाभळीखालचा दगड घ्या. तितंच बसतो मी."

ताईसाठी अण्णांनी आतून तिनं पाठवलेला चटणीचा डबा आणला. दाजी वाकून, उकिडवे बसून फोटो काढत राहिले. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तरी उठले नाहीत.

शेवटी अण्णा म्हणाले, "आता तुमचा, पाव्हणं. असाच, बसलेला." मी फोन धरला. दाजी बसले खरे, पण ऐन वेळी मान वळली, गुडघा हलला. फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट पट्टा.

"थांबा मामा, दुसरा काढू."

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "वळखू येतंय."

दाजी निघाले. गाडीचा आवाज विरला तसा अण्णांनी तो हललेला फोटो दाबला आणि फोन कानाला लावून बसून राहिले. गाडीवर असताना दाजी फोन उचलत नाहीत, हे त्यांना माहीत होतं; चित्र दाबलं की रिंग जाते, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.