दुरुस्त केलेलं निदण

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तशी आमच्या मंडळीतली निम्मी नोकरदार माणसं तिकडे गेली. भंडाऱ्याच्या चर्चमध्ये उरलेल्यांत चित्रकलेची बाई मी एकटीच. म्हणून दर शनिवारी, दुसऱ्या दिवशीच्या शास्त्रपाठाचं चित्र एका मोठ्या पुठ्ठ्यावर काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ते हौसेनं घेतलं, कारण माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. पहिल्या बाकावर बसून ती चित्र वाचायची.

त्या आठवड्याचा पाठ निदणाचा होता. चांगलं बी पेरलेल्या शेतात वैरी गुपचूप तण पेरून जातो. चाकर म्हणतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, थांबा, त्यासोबत पीकही उपटाल. शास्त्रात गहू आहे, मी धान काढलं. आणि तण म्हणून काढला करगा. आमच्याकडे धानात उगवणारं हे रानटी धान. लोंब बाहेर पडेपर्यंत देवालाही ओळखू येत नाही. म्हणून मी सगळं शेत एकसारखं हिरवं रंगवलं आणि कडेला एक वाकलेली बाई काढली, हात अर्ध्यावर थांबलेला.

ती बाई माझी आई होती. लग्नाआधी आसगावकडे निंदणाला, म्हणजे मजुरीनं तण काढायला जायची. एकदा करगा समजून तिनं मूठभर धान उपटलं. मालकिणीनं चारचौघींत ते तिच्या तोंडासमोर नाचवलं आणि बांधावरून हाकलून दिलं. तो अपमान तिच्या मनातून कधी गेला नाही.

रविवारी भक्तीला गेले तर पुठ्ठ्यावर लालभडक काटेरी झुडपं! धानाच्या मधोमध, एकेक हातभर उंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सलाम, बाई," पाळकसाहेब हसत म्हणाले. ते नुकतेच पुण्याकडून बदलून आले होते. "तुमच्या चित्रात निदण दिसतच नव्हतं. तुम्ही विसरलात वाटतं. मी जरा दुरुस्त केलं."

दुरुस्त! ज्या माणसानं जन्मात चिखलात पाय घातला नाही, त्यानं माझं शेत दुरुस्त केलं. आणि वर इतकं गोड बोलून, की भांडायलाही जागा ठेवली नाही. माझ्या तोंडात शंभर शब्द आले. पण आजूबाजूला मंडळी, पुढे अल्तार, वर मी शाळेतली बाई. मूग गिळून जागेवर जाऊन बसले.

उपदेश सुरू झाला. पाळकसाहेब काटेरी झुडपांकडे बोट दाखवून पापाबद्दल सांगत होते. आई चित्राकडे टक लावून बघत होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पाळकसाहेब, एक विचारू का जी? हे काटे तं कोणीबी ओळखते. मंग धन्यानं थांबा काहून म्हटलं?"

पाळकसाहेबांनी बोट खाली घेतलं.

"आजी, ते प्रतीक आहे. अर्थ समजून घ्या."

"अर्थच विचारून राहिली, साहेब. मी चुकून धान उपटलं होतं. काटे असते तं उपटलं असतं का?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. आई उभीच राहिली, गीत संपेपर्यंत, आणि मग बसली.

भक्ती सुटल्यावर मी ब्रशचा डबा पाळकसाहेबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "दुरुस्त्या तुम्हीच करता, आता चित्रंही तुम्हीच काढा." बोलले आणि बरं वाटलं. रिक्षात बसल्यावर आईला तेच फुशारकीनं सांगितलं.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"आता कायले सांगून राहिली? तवा काहून नाही उठली? मले तं वाचताबी येत नाही, तरी मी उठली. तुले तं सारं येते."