एक्स-रेत स्मारक दिसत नाही

"बॅटरी असेल तर आत्ताच काढावी लागेल. नाणं असेल तर थांबता येईल," मी म्हणालो.

"सर, मुलगी बुंदी खाऊन आलीय," भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "भूल देताना उलटी फुप्फुसात गेली तर?"

चार वर्षांची परी आईच्या मांडीवर लाळ गाळत होती. थुंकीही गिळता येत नव्हती.

तिचे आजोबा महागावकडचे पुढारी. सत्कार समारंभात पाहुण्यांना द्यायला त्यांनी स्वातंत्र्यस्मारकाचं चित्र असलेलं खास नाणं मागवलं होतं. नुसतं नाणं कसं द्यायचं? म्हणून मखमली डबी, उघडली की आत दिवा लागणारी. दिव्याला बटणासारखा चपटा सेल. आता डबीत नाणंही नव्हतं, सेलही नव्हता.

असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोनेक तासांत आतून भाजतो. एक्स-रेत त्याची दुहेरी कड दिसते. पण हे नाणं दोन धातूंचं, त्याचीही कड दुहेरी. बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये फरक कळतो, पण परी हलली आणि ती फिल्म धूसर आली. स्मारक, सिंह वगैरे एक्स-रेत उमटत नाहीत.

"केव्हा गिळलं?"

"भाषणं चालू होती जी," आजोबा म्हणाले. "कोनाचं ध्यान होतं?"

"बाबा, तुमीच त बोलून राह्यलते," त्यांची सून, परीची आई, म्हणाली.

मी तिला दोन्ही धोके सांगितले.

"मले त दोन्हीचं भेव वाटते. तुमाले कायचं जास्त वाटते?"

"बॅटरीचं."

"मंग काढा."

दुर्बिणीतून आधी काळपट कड दिसली. बॅटरीच असणार, मला वाटलं. चिमट्यात धरून हळूहळू ओढलं. नाणं! स्मारक चिकट झालं होतं, पण शाबूत. उलटी झाली नाही. मी ऑपरेशन थिएटरचं दार उघडून सांगितलं. आजोबांनी हात जोडले.

आई मात्र तशीच उभी. "मंग सेल कुठी हाय?"

फिल्म गळ्यापासून खालची होती आणि तीत एकच वस्तू दिसली होती; नाक तर त्यात आलंच नव्हतं. मी मागे वळून ओरडलो, "मॅडम, उठवू नका तिला!"

सेल डाव्या नाकपुडीत होता. आतली त्वचा काळी पडली होती. अजून काही तास गेले असते तर नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं असतं. महिनाभराने जखम भरली.

हवी ती वस्तू सापडली की कार्यक्रम संपला, असं सत्कार समितीने समजावं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरने उरलेली भोकंही तपासावीत.