पांढरी फुफ्फुसं आणि नागपूरचे काका

अंधारात बसणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. अमेरिकेतल्या ट्रॉयच्या एका हॉस्पिटलात मी रेडिओलॉजिस्ट आहे. आम्ही दिवसभर दिवे मालवून स्कॅन बघतो. पेशंट समोर नसतो, मग तोंडं एकमेकांशीच चालतात!

आई पुण्याहून आली तेव्हा तिला हौसेने खोली दाखवली. ती म्हणाली, "एवढं शिकलीस आणि दिवसाढवळ्या अंधारात? निदान एक दिवा तरी लाव गं!"

*

नील इथेच जन्मलेला, शिकाऊ डॉक्टर. त्याला प्रत्येक पांढऱ्या फुफ्फुसात न्यूमोनियाच दिसतो.

आमची बॉस कॅरल त्याला म्हणाली, "हवा काळी दिसते. पांढरं म्हणजे हवेच्या जागी काहीतरी भरलंय. पाणी, पू की रक्त, ते पेशंटला भेटून ठरव."

नील कळवळला, "बट आय चोझ रेडिओलॉजी टु अव्हॉइड पेशंट्स!"

*

एकदा एक सर्जन तावातावाने आला. "परवा फुफ्फुसं पांढरी, आज स्वच्छ! कुणाचा एक्स-रे दाखवताय?"

कॅरल शांतपणे म्हणाली, "त्याचाच. रक्त होतं ते. पू इतक्या लवकर घर सोडत नाही."

*

आणि नागपूरचे काका! मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. खोकल्यातून रक्त, धाप, आणि सीटीत दोन्ही फुफ्फुसं पांढरी. नील म्हणाला, "न्यूमोनिया!" पण ताप नव्हता, हिमोग्लोबिन मात्र घसरत होतं. दुर्बिणीतून फुफ्फुस धुतलं, तर प्रत्येक वेळी पाणी आधीपेक्षा लालच. म्हणजे सगळीकडून रक्तस्राव.

पण का? हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, पण मुलाने दाखवलेल्या बाटलीवरचा डोस बरोबर होता. मग शरीर स्वतःवरच उलटलं असेल, असं ठरलं. दुपारी प्रतिकारशक्ती दाबणारी जड इंजेक्शनं सुरू होणार होती. ती चुकीची ठरली असती तर काकांना झेपली नसती. मला राहवेना. नीलला घेऊन वर गेले.

"काका, भारतातून काही औषधं आणली होती का?"

मास्कमुळे काकांना बोलवेना. काकूंनी पर्समधून पिशवी काढली. "ही काय! सकाळी इथल्या डॉक्टरांनी दिलेली घेतात, रात्री आपली."

तेच औषध, फक्त कंपनीचं नाव वेगळं! म्हणजे रोज दुप्पट डोस.

"काकू, दोन्ही कशाला?"

"अगं, सहा महिन्यांच्या आणल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या?"

इंजेक्शनं कॅन्सल केली, गोळ्या बंद केल्या, उतारा दिला. काही दिवसांत एक्स-रे काळाभोर झाला. तो बघून नील अंधारात नाचला, आणि मलाही रडू आलं.

डिस्चार्जच्या दिवशी मी काकूंना बजावलं, "त्या भारतातल्या गोळ्या आता घरात नकोत हं!"

"नाही गं बाई, कानाला खडा!" काकूंनी तीच पिशवी माझ्या हातात कोंबली. "तुझ्या बाबांना चालतील का बघ."