पाऊस पडल्यावर येतो

माझा थोरला भाऊ अण्णा गेल्याचा फोन मीच घेतला. हैदराबादहून त्याचा सहकारी बोलत होता. हृदयाचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं… समोर ओसरीवर दादा, आमचे वडील, अण्णाकडेच जायची पिशवी भरत बसले होते.

नेकनूरजवळच्या आमच्या गावात अण्णाला 'फुगेवाला' म्हणून चिडवत. पण ते फुगे घराहून मोठे! ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण आपल्या हवेत शिरताच फुटतात, जमिनीवर जसेच्या तसे पोचत नाहीत. म्हणून यंत्रांची पेटी फुग्याला बांधून पार उंच विरळ हवेत न्यायची आणि त्यांना तिथंच टिपायचं, हे अण्णाचं काम. एका दुष्काळात असा एक फुगा वाऱ्यानं आमच्याच शिवारात येऊन पडला. पेटी न्यायला अण्णा आला, तर दूध सोसायटीसमोर सगळं गाव जमलेलं. दादा सोसायटीचे चेअरमन. जनावरं चारा छावणीत, दूध आटलेलं… ते सगळ्यांदेखत अण्णावर कडाडले, "तुज्या फुग्यानंच ढग पळवले बे!"

"फुगा ढगाला काय बी करत न्हाई, दादा. एकदा येऊन बघा तरी."

"पाऊस पडू दे. मग येतो."

पुढं दर दिवाळीला अण्णा बोलवायचा आणि दादांचं हेच. पाऊस पडलाच तर म्हणायचे, "ह्यो काय पाऊस हाय?" आणि त्याच फुग्याचं प्लास्टिक मात्र कडब्याच्या गंजीवर अंथरून मोकळे! अण्णा हसायचा, पण निघताना दारात रेंगाळायचा. बापानं एकदा आपलं काम बघावं, एवढंच त्याला हवं होतं. मला त्याचं ते रेंगाळणं बघवत नसे.

यंदा तळं भरून वाहिलं. दादांनी आपणहून फोन लावला, "दिवाळी झाली की येतो. फुगा दाखव." पलीकडून अण्णानं लगेच गाडीची वेळ सांगितली… त्या दिवसापासून दादांची पिशवी भरणं चालू होतं. नवा सदरा, शेंगदाण्याचे लाडू, पुन्हा काढ, पुन्हा भर.

अण्णाचं तेरावं झालं, दिवाळीही होऊन गेली. पिशवी अजून खुंटीवर आहे. लाडू खवट झाले असतील म्हणून परवा मी ती काढायला गेले, तर दादांनी माझा हात धरला.

"राहू दे, माय," ते म्हणाले. "पाऊस पडलाय. म्या येतो म्हनलोतो त्याला…"