ओटीतला कापूस

ज्याने तुम्हाला भर मैदानात उघडं पाडलं, त्याच्याच सत्काराचं मानपत्र तुम्ही लिहाल का?

मला ते लिहायला सांगितलं आहे. आमच्या शाळेचे खेळाचे सर निवृत्त होत आहेत. येत्या रविवारी गावात मंडप लागणार, शाल-श्रीफळ होणार, जुने विद्यार्थी भाषणं करणार. मागच्या आठवड्यात वर्गमित्राचा फोन आला.

"अबे लेखक, सरचं मानपत्र तुलेच लिहा लागते. सरनं घडवलं तुले."

"काय घडवलं बे?"

"अबे, तवाची मस्करी घेऊन बसला का अजून?"

"हाव. बसलो."

तो हसला. मग म्हणाला, "रिटायर झाल्यावर बी सर पोरं घेणार हायेत सकाळी मैदानावर. माझा लहाना भाऊ हाय ना आठवीत, तो बी जाते."

"अजून अर्धी पोरं उघडीच खेळवते का सर?"

"मंग? संघ ओळखू कसे येतीन? भावाले काय धाड भरली उघडं व्हायले!"

त्याच्या भावाला नसेलही भरली. मला भरली होती. मीही तेव्हा आठवीतच होतो.

त्या वर्षी माझा आवाज फाटला, ओठावर लव आली आणि छातीत दोन्ही बाजूंना लिंबोळीएवढ्या गाठी झाल्या. शर्ट नुसता घासला तरी कळ यायची. महिन्याभरात छाती पुढे दिसायला लागली. आवाजाबद्दल, मिशीबद्दल पोरं फुशारकीनं बोलायची. छातीबद्दल कोणी बोलत नव्हतं, कारण ती फक्त माझी होती. असं मला वाटायचं.

मी माईसोबत, म्हणजे आईसोबत, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जायचो. आमच्याकडे वेचणी हे बायांचं काम. पुरुष फवारतो, गाठोडी उचलतो, गाडी भरतो. वेचायला वाकत नाही. कमरेला जुन्या साडीचं फडकं बांधायचं, पोटापुढे त्याची ओटी करायची आणि बोंडातला कापूस काढून तीत टाकत जायचं. ओळ संपेपर्यंत ओटी फुगून येते. मला ते काम आवडायचं. बाया नवऱ्यांच्या, सासवांच्या नकला करत वेचायच्या आणि मी हसून हसून मागे पडायचो.

पारावरच्या माणसांनी निदान करून टाकलं. बायांत राहतो म्हणून पोरगं बाई होऊन राह्यलं. एकानं तर वाट अडवून विचारलं, "काऊन बे, वेचलेला कापूस घरी नेतं का आंगातच ठेवतं?"

मी वेचणीला जाणं सोडलं. माईनं एकदाच विचारलं, "काऊन रे बापा, येत नाही आता?" अभ्यास आहे म्हणालो. त्या हंगामात माझी ओळ तिनं एकटीनं वेचली. पारावरच्या गड्यांनो, ते पाप तुमच्या माथी.

आमच्या घरात पत्रकं होती. वडील चळवळीतले. त्यांच्या पिशवीत गठ्ठे असायचे, आणि खळीची बादली धरून भिंतीभिंतीवर त्यांच्यामागे फिरायचो तो मी. अक्षरं मी त्या पत्रकांवरच शिकलो. बालभारतीच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. दारूवर पत्रक होतं, हुंड्यावर होतं, अंगात येणाऱ्या देवीवर होतं. म्हणून एका संध्याकाळी धीर करून वडिलांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, याच्यावर पत्रक नाही का?"

त्यांनी पिशवीतला गठ्ठा नीट लावला. मग म्हणाले, "असल्या गोष्टीवर पत्रक नसते काढत."

मी माईच्या जुन्या साडीची एक लांब पट्टी फाडली. रोज सकाळी ती छातीभोवती आवळून बांधायची, वरून बनियन, वरून शर्ट. मे महिन्यातसुद्धा. श्वास पुरा घेता येत नसे, आणि तरीही मी कबड्डी खेळायचो. कारण कबड्डी मला येत होती. चढाईला गेलो की पायाला हात लागायच्या आत मधल्या रेषेवर परत. शाळेच्या संघात माझी जागा ठरलेली आहे, असं सरच म्हणायचे.

नांदुऱ्याला तालुक्याचे सामने होते. त्याआधी आमच्या मैदानावर शेवटची निवड होती. सरांनी दोन संघ पाडले आणि शिट्टी वाजवली. "हे बनियनवर, ते उघडे." मी उघड्यांत आलो.

"सर, मी इकडून खेळतो ना," मी बनियनवाल्यांकडे सरकलो.

"काऊन बे?"

"असंच, सर."

"असंच?" सर पोरांकडे वळले. त्यांना प्रेक्षक लागायचे. "ओटीतला कापूस काहाड बे आधी, मंग ये मैदानावर!"

पोरं हसली. तेवढ्यावर थांबले असते तर आज मी कदाचित मानपत्र लिहिलंही असतं. पण त्यांनी पुढे येऊन माझं बनियन वर ओढलं. पट्टीची गाठ सुटली आणि माईच्या साडीचं हिरवं टोक माझ्या पोटावर लोंबायला लागलं.

"आरं, हा तं वेचणीतून सरळ आला!" सर म्हणाले.

मी शर्ट उचलला, पट्टी मुठीत धरली आणि निघालो. मागून सरांचा आवाज आला, "जाऊ द्या. बाईचं काम नोहे हे." मी पुन्हा कबड्डी खेळलो नाही. 'ओटी' हे नाव दहावीपर्यंत टिकलं.

गाठी नववीच्या शेवटी आपोआप विरल्या. कोणी काही केलं नव्हतं. कारण कळलं ते पुढे, बुलढाण्याला कॉलेजात असताना. एका आरोग्य शिबिराच्या टेबलावर पातळ घडीपत्रकं पडली होती. सवयीनं एक उचललं. त्यात एक परिच्छेद होता: वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बदलतो, त्यामुळे पुष्कळ मुलांची छाती काही काळ सुजते, दुखते, बहुतेकांचं आपोआप बरं होतं, फार वाढलं, फार दुखलं किंवा दोनेक वर्षांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं. एवढंच. पुष्कळ मुलांची! म्हणजे त्या मैदानावर हसणाऱ्यांतही कोणीतरी श्वास आवळून उभा होता. मी ते पत्रक हातात धरून तिथंच दातओठ खात राहिलो.

त्याच दिवाळीत सर गावच्या फाट्यावर भेटले. तोवर मला दाढी आली होती. त्यांनी माझ्या छातीवर थाप मारली आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "पाहा कसा मर्द गडी झाला! तवा टोमणे हाणले म्हनून."

मैदानावरचं मी एक वेळ विसरलो असतो. ही थाप विसरणार नाही. माझ्या शरीरानं निमूटपणे जे केलं, त्याचं श्रेयसुद्धा त्यांनी खिशात घातलं.

तर मित्रा, मानपत्र हेच. वडील म्हणाले होते की असल्या गोष्टीवर पत्रक काढत नसतात, मी काढलं. सरांचं नाव यात नाही. गरज नाही, त्यांना कळेल. माफी मागितली तरी मला ती नको. रविवारी मी येणार आहे. माईनं तिची वेचणीची साडी काढून दिली, तिच्या मी पट्ट्या फाडल्या आहेत. तुम्ही शाल घालाल, मी ते गाठोडं त्यांच्या हातात देईन आणि माईकवर सांगेन की हे कशासाठी आहे. तेव्हा त्यांना प्रेक्षक भरपूर असतील.

आणि वाचणाऱ्या, तू ज्या गावात असशील तिथं एवढं कर. तुझ्या शाळेच्या मैदानावर एकदा जा. अर्धी पोरं उघडी करून संघ पाडत असतील, तर घरातली एक जुनी साडी फाड आणि पट्ट्या मास्तरांकडे दे. संघ ओळखायला पोराची छाती लागत नाही, दंडावर पट्टी पुरते. ते नको म्हणाले, तर शेवटचं पोरगं पट्टी बांधेपर्यंत तिथून हलू नकोस.